कढईत पडण्याआधीचा हिशेब

२०२५ मध्ये ज्येष्ठा गौरींचे पूजन आणि राष्ट्रीय पोषण सप्ताहाचा पहिला दिवस एकाच तारखेला आला, १ सप्टेंबरला. आदल्या दिवशी गौरी घरात आल्या तेव्हा भाजी-भाकरीचा नैवेद्य होता. सोमवारी पुरण शिजले, कटाची आमटी उकळली, सोळा भाज्या एका पातेल्यात आल्या. कृष्णेच्या घाटावर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी उभारलेल्या ढोल्या गणपतीच्या वाईत भाद्रपदाचे हे दिवस म्हणजे वर्षभराच्या खाण्याचा कळस. आणि हल्ली याच दिवसांत पंगतीत बसलेल्या कुणाच्या तरी हातात मोबाइल असतो. ताट वाढून झाले की पहिला घास घेण्याआधी यादीत शोधाशोध होते: पुरणपोळी, एक नग. यादी आकडा देते, तो दिवसाच्या हिशेबात जमा होतो, आणि पुष्कळदा पहिल्याच पोळीनंतर मान खाली जाते.

अशा माणसाची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘सणासुदीला कसलं मोजतोस’ म्हणत त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकली जाते. आम्हाला ही थट्टा मान्य नाही. दुखणारे गुडघे, वाढलेली साखर, चढलेला रक्तदाब यांपायी वजन उतरवायला निघालेला माणूस एक अवघड काम करत असतो आणि मोजण्याने त्याला मदत होते. आमचा मुद्दा मोजण्याच्या जागेचा आहे. शिजून, वाढून, ताटात आलेल्या अन्नाचा अंदाज एकट्याने मोबाइलवर बांधत बसण्यापेक्षा कच्चा माल कढईत पडण्याआधी घराने मिळून मोजावा. यासाठी बाहेरून काही शिकून यायला नको. आपल्या तालुक्यातल्या शाळांत आणि अंगणवाड्यांत हेच मोजमाप रोज चालू आहे.

त्या पुरणपोळीचाच हिशेब मांडून पाहू. एका पोळीला ३० ग्रॅम हरभऱ्याची डाळ, ३० ग्रॅम गूळ आणि ३० ग्रॅम कणीक धरली तर प्रत्येकाच्या साधारण शंभर, अशा तीनशे कॅलरी झाल्या. कणकेत आणि तव्यावर मिळून चहाचा एक चमचा तेल गेले, त्याच्या ४५. पोळी साडेतीनशेवर आली. आता वरून तुपाची धार. तिथे १५ ग्रॅम तूप पडले की १३५ वाढल्या, म्हणजे पावणेपाचशेच्या पुढे. यादीतला ‘एक नग’ यातल्या कुठल्या पोळीचा? गणपती आळीतल्या एका घरात पोळी तळहाताएवढी होते, शेजारच्या घरात ताटभर. तूप कुठे चमच्याने वाढतात, कुठे तोटीच्या भांड्यातून. यादी तयार करणाऱ्याने जी पोळी मनात धरली ती आपल्या ताटात क्वचितच असते. कालवणाचे तर बोलायलाच नको. शेंगदाण्याचा कूट किती पडला, तवंग किती आला, यावर त्याच नावाच्या वाटीचा आकडा दुप्पट होतो. मात्र डाळ, गूळ, कणीक, तेल आणि तूप यांचे आकडे घरागणिक फारसे बदलत नाहीत. पक्का हिशेब मिळतो तो तिथेच.

या आकड्यांमागे मोठे कष्ट आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. प्रथिने आणि पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅमला चार, स्निग्धाच्या एका ग्रॅमला नऊ, हे आजही वापरले जाणारे गणित त्यांच्या कामातून आले. आपल्याकडे १९३७ साली कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड यांचे भारतीय अन्नपदार्थांवरचे पत्रक निघाले. पुढे ही प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९७१ मध्ये गोपालन आणि सहकाऱ्यांची कोष्टके आली, २०१७ मध्ये देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांची नवी कोष्टके. ज्वारी, बाजरी, हरभरा, शेंगदाणा, अंबाडी या आपल्या मालाचे मोजमाप शास्त्रज्ञांनी करून ठेवलेले आहे. तिथपर्यंत आपण पोहोचत नाही, अडचण एवढीच आहे.

महाराष्ट्रात कॅलरीचा हिशेब पहिल्यांदा गाजला तो वजन उतरवण्यासाठी नव्हे. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्याला परवडत नाही तो गरीब, अशी रेषा त्यांनी आखली. १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे तिच्याखाली होती. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. माण-खटावची माणसे खडी फोडायला गेली, कामावर सुकडी मिळाली, रेशनवर परदेशी मिलो ज्वारी आली. आज साठी-सत्तरीत असलेल्या सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळांना त्या सुकडीची चव अजून आठवते. ताटात काय कमी पडते हे दाखवायला तेव्हा मोजमाप लागत होते. तोच आकडा आज त्यांच्या नातवंडांच्या मोबाइलवर उलट्या कामाला लागला आहे.

कमी पडणाऱ्याची बाजू आजही संपलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली साधारण पाचातली एक स्त्री उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली आणि चारातली जवळजवळ एक जास्त वजनाची. एकाच राज्यात, अनेकदा एकाच गल्लीत, एकाच पोषण सप्ताहात दोघींना सल्ला द्यायचा आहे. म्हणून ‘कमी खा’ ही सरसकट घोषणा आम्हाला धोक्याची वाटते. कुणी किती कमी खावे आणि कुणी किती जास्त, हे मोजल्याखेरीज कळणार कसे?

ते मोजायची रीत शाळेत आहे, असे वर म्हटले. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे ठरलेले आहे. सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने. पण खिचडी शिजवणारी ताई कॅलरी मोजत बसत नाही. लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मोठ्यामागे १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. हजेरी पाहायची, गुणाकार करायचा, माल तोलून काढायचा आणि चूल पेटवायची. अंगणवाडीतही तसेच: सहा वर्षांखालच्या मुलाला ५०० कॅलरी, गरोदर आणि स्तनदा मातेला ६००. कोण किती खाणार हे आधी ठरते, पातेले नंतर चढते. आपल्या जुन्या घरांतही वेगळे काय होते? थोरली सासूबाई कोठीतून दाणे काढायची ते चिपट्याने, मापट्याने. आज माणसे किती, पाव्हणे किती, गडी किती, याचा अंदाज घेऊन दळण निघे. तेलाची बुधली तिच्याच ताब्यात असे. माल महाग होता म्हणून मोजत होते हे खरे. पण मोजण्याची सवय हाताला होती. घराघरात पाच लिटरचा तेलाचा कॅन आला आणि ती सवय सुटली.

त्या कॅनचेच पाहू. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर ते झाले साडेचार किलोच्या वर. माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. हैदराबादच्या संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात जी आहार मार्गदर्शिका काढली, तिच्यातल्या दोन हजार कॅलरींच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. त्या मापाने चौघांना महिन्याला साडेतीन लिटर पुरते, आणि त्यातच तूपही धरायचे. वरचा दीड लिटर माणशी रोज शंभर कॅलरी वाढवतो. कुणाला ते दिसत नाही, कारण तो कुणाच्याच ताटात वेगळा वाढला जात नाही. फोडणीत जातो, तव्यावर जातो, भजी काढून उरलेल्या कढईतून दुसऱ्या दिवशीच्या भाजीत जातो. पंतप्रधानांनी २०२५ च्या फेब्रुवारीत ‘मन की बात’मध्ये दहा टक्के तेल कमी करा, असे सांगितले. सल्ला चांगला आहे. पण महिन्याला किती तेल लागते हेच ज्या घराला सांगता येत नाही, त्याने दहा टक्के कशातून वजा करायचे? कॅन फोडला त्या दिवसाची तारीख त्याच्यावर लिहावी आणि संपला त्या दिवशी पुन्हा लिहावी. मोबाइलवरच्या कुठल्याही नोंदीपेक्षा हा आकडा खरा निघेल, आणि तो एकट्याचा नसून घराचा असेल.

चहा-साखरेचाही हिशेब असाच उघडा करता येतो. म्हशीचे ५० मिलिलिटर दूध आणि दोन चमचे साखर घातलेल्या कपात ९५ च्या आसपास कॅलरी असतात. दिवसाला चार कप झाले की पावणेचारशे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते, शक्यतो पाच टक्क्यांच्या. पाच टक्के म्हणजे दोन हजार कॅलरींच्या ताटाला २५ ग्रॅम, चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो. किराणा मालाच्या यादीत साखरेपुढे काय आकडा आहे तेवढा पाहावा. किसन वीर कारखान्याच्या या तालुक्यात साखरेवर बोलणे नाजूक आहे, पण ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला मधुमेहही आमच्याच चिंतेचा विषय आहे.

ताट एकाएकी जड झालेले नाही. ते बरेचसे तेच राहिले आणि अंगावरचे काम गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाची रोजची गरज २,११० कॅलरी दिली आहे, आणि अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याची ३,४७०. फरक १,३६० चा. ज्वारीच्या ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे २७० कॅलरींची धरली, तर हा फरक पाच भाकऱ्यांचा होतो. मोट हाकणारा, औत धरणारा, हळदीचे गड्डे खणणारा आजोबा त्या पाच भाकऱ्या जिरवत होता. मुंबईत माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहणारा आमच्या खोऱ्यातला गडीही जिरवत होता. आज पाण्याला मोटर आहे, नांगरटीला ट्रॅक्टर आहे, पसरणीहून वाईला यायला दुचाकी आहे. यात वाईट काही नाही. ते कष्ट परत यावेत असे कुणी म्हणू नये. पण वाढणारा हात अजून आजोबाच्या अंदाजाने वाढतो. बायकांचा आकडाही पाहा: ५५ किलो वजनाच्या, बैठ्या कामाच्या स्त्रीला १,६६० पुरतात. नवरा-बायकोच्या ताटात समान वाढले की तिच्या बाजूला रोज जमा राहतेच.

आणि तिच्या बाजूला आणखी एक खाते आहे, ज्याची कुणी नोंद ठेवत नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ‘आम्ही बाराशेहून कमी कॅलरी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या काही जणांची काटेकोर तपासणी केली. सांगितलेले खाणे आणि खरे खाणे यांत सरासरी ४७ टक्क्यांची तूट निघाली. ही माणसे खोटारडी नव्हती. खाल्लेले लक्षात राहत नाही, एवढेच. आपल्या घरातल्या बाईच्या बाबतीत तर त्या विसरण्याचे कारण सगळ्यांना ठाऊक आहे. मीठ चाखून पाहिले, लेकराच्या ताटातली अर्धी पोळी संपवली, पातेल्याच्या तळाचा भात सकाळी फोडणी देऊन खाल्ला. अन्न टाकू नये, ही शिकवण घरात सगळ्यांना मिळते, पाळावी मात्र तिला लागते. मग वजन वाढले की बोलणीही तीच खाते. ढोल्या गणपतीपुढे भक्तीने वाकणाऱ्या गावात लग्नाच्या मुलीच्या देहाबद्दल, बाळंतिणीच्या पोटाबद्दल जे सहज बोलले जाते ते आम्हाला लाजिरवाणे वाटते. एवढे बोलून तिचे वजन शंभर ग्रॅमनेही उतरत नाही. उलट माणूस चोरून खायला लागतो, आणि चोरून खाल्लेले कुठल्याच हिशेबात येत नाही. माणसांच्या मापाने शिजवले तर उरणार नाही आणि तिला संपवावे लागणार नाही. कच्च्या मालाच्या मोजणीचा पहिला फायदा तिलाच आहे.

पण वजनाचा काटाही सगळे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची जोडीची छायाचित्रे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत एक, २२.३. मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखे, आत दुपटीहून जास्त फरक. हे कुठून आले, याचा माग याज्ञिकांनी आधीपासून धरला होता. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून पाहणी झाली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली, इंग्लंडमधली सुमारे साडेतीन किलोची. आपली बाळे लहान होती, स्नायूंनी कमी होती, पण चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. आईच्या पोटात असताना तुटवड्याचे दिवस पाहिलेला देह पुढे भरल्या घरात आला की चरबी साठवतो, पोटाभोवती साठवतो, आणि मधुमेह लवकर गाठतो.

हे वाचताना १९७१ चा आकडा आणि २०२५ चा मोबाइल यांतले अंतर मिटते. दुष्काळात खडी फोडणाऱ्या आईच्या पोटातले मूल आज पन्नाशीत आहे. त्याच्या सुटलेल्या पोटात केवळ त्याचा हावरेपणा पाहणे अन्यायाचे आहे. तिथे त्या वेळची उपासमारही आहे. म्हणून तर आपल्यासाठी डॉक्टरांनी मापे खाली आणली: निर्देशांक २३ च्या वर गेला की जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा, कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रीची ८० च्या आत. कंबरेला शिंप्याची टेप पुरते. आणि याच कारणाने नुसत्या कॅलरीचा आकडा आपल्याला फसवतो. चहा-बिस्किटांवर, उपवासाच्या साबुदाण्यावर बाराशे कॅलरींत दिवस काढणाऱ्याचे वजन उतरेल, पण त्यात स्नायूही जातील, जे आपल्याकडे मुळातच थोडे आहेत. आधी डाळ, उसळ, मटकी, दूध-ताक, चालत असेल त्याला अंडी-मासळी ताटात बसवावी आणि मग तेल, साखर, भात यांना कात्री लावावी. कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. तो रोजच्या आमटीत किती शिजतो?

बाराशेच्या आकड्याविषयी थोडे अधिक. वजन उतरवायच्या छापील तक्त्यांत, विशेषतः बायकांना, तो सर्रास दिला जातो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा इथे ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने सुमारे १,५७० कॅलरींवर ठेवून उपासमारीचा अभ्यास केला. त्यांना थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, कुणाशी बोलावेसे वाटेना आणि डोक्यात रात्रंदिवस अन्न घोळू लागले. ते पुरुष होते, धडधाकट होते, रोज मैलोगणती चालत होते, त्यामुळे तुलना ताणू नये. तरी त्याहून खाली जाणारा तक्ता डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञाच्या नजरेआड कुणी पाळू नये. वाढत्या वयाच्या मुलींना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना कॅलरी तोडण्याच्या नादी लावू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने औषधाची मात्रा न बदलता जेवण तोडले तर साखर धोकादायक उतरते. आणि ज्याला आकडा पाहिल्याशिवाय घास उतरत नाही, एक पोळी जास्त झाली की दिवसभर अपराधी वाटते, त्याने मोजणे थांबवून कुणाशी तरी बोलले पाहिजे.

न मोजता वजन उतरवण्याच्या वाटाही महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचा मार्ग सांगितला आणि घराघरांत त्याचा बोलबाला झाला. ऋजुता दिवेकर यांनी तूप-भात-भाकरीला परत मान मिळवून दिला. आपल्या मातीतले, हंगामातले खा, हा त्यांचा आग्रह आम्हाला पटतो. दोन्ही वाटांनी काहींना गुण आला, काहींचे वजन परत आले. कुठल्याही वाटेने गेले तरी शरीर शेवटी जमाखर्च पाहते. नियम पाळायला सोपे असतात म्हणून माणसाला आवडतात, आणि एखाद्या नियमामुळे खाणे आपोआप कमी होत असेल तर वजन उतरतेच. पण उतरले कशाने हे कळलेले नसेल तर नियम सुटल्यावर ते राखायचे कसे, हेही कळत नाही. महिनाभर घरातला माल तोलून पाहिलेल्याला ते कळलेले असते, आणि पुढे काटा कपाटात ठेवून दिला तरी हात चुकत नाही. २०२५ च्या मार्च आणि जूनमध्ये वजन उतरवणारी दोन नावाजलेली इंजेक्शने भारतात आली. ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांना ती वरदान ठरतील. वाई-साताऱ्याच्या बहुतेक घरांना त्यांची किंमत तेव्हा परवडणारी नव्हती, आणि ती घेणाऱ्यालाही ताटाचा विचार सुटत नाही.

पोषण सप्ताह दरवर्षी ७ सप्टेंबरपर्यंत असतो. अंगणवाडीच्या ताईंना दरवर्षी तक्ते लावायला आणि रांगोळ्या काढायला सांगितले जाते. त्यांना खरे जे येते ते मात्र गावाला कुणी शिकवू देत नाही. माणसे मोजून माल काढणे त्यांना आणि शाळेतल्या खिचडीवाल्या ताईंना रोजच्या सरावाने येते. गणेश मंडळांनी उत्सवातल्या संध्याकाळी त्यांना मंडपात मानाने बोलवावे. एका टेबलावर वजनकाटा, कंबरेची टेप आणि एका बाटलीत २७ ग्रॅम तेल ठेवावे. आरतीला आलेल्या पुरुषांनीही ते पाहावे, कारण किराणा आणणारे आणि वाढून घेणारे बहुधा तेच असतात. बचत गटांनी पुढच्या बैठकीत कर्जाच्या वहीबरोबर तेल-साखरेची वही उघडावी. नगरपालिकेने आणि पंचायत समितीने यासाठी वेगळा निधी शोधायची गरज नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावात हे जाणणारी एक तरी बाई आधीच पगारावर किंवा मानधनावर आहे, आणि ते मानधन वाढवून द्यावे ही मागणी आम्ही याच जागेवरून करतो.

त्यानंतर घटस्थापना येते. नऊ दिवस घरात साबुदाणा भिजेल, शेंगदाणे भाजले जातील. ६० ग्रॅम साबुदाणा, २० ग्रॅम कूट आणि १० ग्रॅम तूप अशा एका बशीला चारशे कॅलरी होतात आणि प्रथिने पाच-सहा ग्रॅमच. उपवास करणाऱ्यांनी दह्याची वाटी, राजगिरा, वरी, फळे यांची जोड त्याआधी ठरवून ठेवावी. तेलाचा चालू कॅन बहुतेक घरांत तोवर संपलेला असेल.